झोपेतही न उतरणारा दाब
माझी थोरली बहीण पहाटे चुलीपाशी कोसळली आणि मेंदूतली नस फुटून वारली. तिचं सुतक चालू असताना कोरीट गावातल्या घरात बसून मी एकच विचार करायचे, इतकी वर्षं महादेवाचे सोमवार केले ते कशासाठी? रक्तदाबाचा आजार तर आम्हा दोघींना सारखाच. नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला दिवसरात्र यंत्र बांधून पाहिलं होतं. "झोपेत माणसाचा दाब उतरतो. तुमचा उतरतच नाही. अंगात मीठ-पाणी साठतंय," असं सांगून त्यांनी रोज सकाळी घ्यायची लघवीची गोळी दिली होती. तिने सारखं उठावं लागे. घर पाहुण्यांनी भरलेलं, संडास एकच. मी गोळी बंद केली. खरं तर ताई गेल्यावर जगायची ओढच उरली नव्हती. 'देव करेल ते' म्हणत राहिले.

दहाव्याला आम्ही तापीकाठच्या प्रकाशा गावी घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. सगळे तिकडे बघत असताना माझं डोकं फुटायला आलं, तापीचं पाणी धूसर दिसू लागलं. मी पायरीवर बसले. शेजारी एक मारवाडी बाई लेकाबरोबर नवऱ्याच्या अस्थी घेऊन आली होती. तिची नजर माझ्या पायांवर गेली.

"बहीन, तुन्हा पाय सुजेल शेतस. बीपीनी गोळी सोडी दिधी का?"

मी होकाराची मान हलवली.

"मन्हा मालकनी बी सोडी दिधी व्हती. दुकानमा घडीघडी उठानी लाज वाटे. आते त्यासना फूल लई उनू मी. ऊठ, गाडीमा बस."

फुलांचा, म्हणजे अस्थींचा कलश तसाच मांडीवर धरून तिने मला शहाद्याच्या दवाखान्यात आणलं. दाब पाहून सिस्टर धावतच डॉक्टरांकडे गेली. मी वाचले, उजव्या डोळ्याची नजर मात्र अर्धीच राहिली. माझी माणसं येईपर्यंत ती बाई बसून होती, मग पुन्हा घाटावर गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढे गोळी नेमाने घेतल्यावर डॉक्टरांनी पुन्हा यंत्र बांधलं. दाब आता झोपेत उतरतो. ताई का गेली, याचं उत्तर महादेवाने दिलेलं नाही, मीही आता मागत नाही. ज्याला मी देवावर सोडणं म्हणत होते, ते हातपाय गाळणं होतं. त्याच्या स्वाधीन व्हायचं तर त्याने ठेवलेलं आयुष्य, नकोसं वाटलं तरी, सांभाळावं लागतं. हे मला शिकवायला त्याने एका विधवेला तिच्या सर्वांत वाईट दिवशी माझ्या शेजारी बसवलं. तिच्या मालकांना मी कधी पाहिलं नाही. दर सोमवारी त्यांच्या नावाने एक बेल वाहते.