नऊ सेकंदांचा उतार

आमच्या बस डेपोत वेगाचे आलेख वाचणाऱ्या माणसाला सगळे पट्टीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते; हातात सतत लाकडी पट्टी असायची, म्हणून मास्तर. प्रत्येक बसमध्ये वेग नोंदवणारे यंत्र असे. ते कागदावर रेघ काढी: आडवी वेळ, उभा वेग. दिवसभराचे कागद मास्तरांच्या टेबलावर येत. कोणी जोरात हाकली, कोणी कचकन ब्रेक मारला, हे ते लिहून काढत आणि त्यावरून ड्रायव्हरांना समज मिळे. त्यामुळे त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

मी त्याच कार्यालयात आस्थापनेचे काम पाहतो. बावीस वर्षे आमच्या टेबलांमध्ये फक्त एक कपाट होते. तरीही मी अंतर राखून होतो. ड्रायव्हरांचा रोष नको, एवढेच कारण.

सुरुवातीला मला ती रेघ म्हणजे रस्ताच वाटे. एकदा म्हणालो, "इथे बस टेकडी उतरली वाटतं."

मास्तर हसले नाहीत. "रस्ता सपाट आहे. उतरला तो वेग. आणि ही आडवी रेघ बघा, इथे बस उभी नाहीये. पन्नासच्या वेगानं एकसारखी धावतेय. उभी असती तर रेघ तळाला टेकली असती." मग पट्टी तिरकी लावून म्हणाले, "उंची कोणीही वाचेल. उतार वाचावा लागतो. एका सेकंदात वेग किती बदलला, तो उतार. ड्रायव्हरचा पाय काय करत होता, ते त्यात दिसतं."

मास्तर भाड्याच्या एका खोलीत राहत. बायको लवकर गेली, मुलगी लांब, फोन महिन्यातून एखादा. त्यांच्यासोबत जेवणारा माणूस डेपोत एकच होता, पैलवान. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून या ड्रायव्हरचे नाव पैलवान. दुपारची फेरी संपली की तो डबा घेऊन थेट कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी येई.

"काय मास्तर, आज माझी चुगली कितव्या पानावर?"

"तुझ्यासाठी वेगळी वही घातलीय."

"घाला, घाला. म्हातारपणी वाचून दाखवा."

बाकीचे ड्रायव्हर मागून म्हणत, "निघाले जावईबापू सासुरवाडीला." पैलवान मागे न बघता हात हलवी. त्याची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. तिचे सगळे उरकून तो कामावर येई. झोप किती होते, हे फक्त मास्तरांना माहीत होते.

एका दुपारी पैलवानाची बस थांब्याच्या खांबावर आदळली. आत बसलेल्या एका आजींचे मनगट मोडले. पैलवानाचे म्हणणे एकच: ब्रेक दाबला, पण तो उशिरा लागला.

चौकशीत टिपण घ्यायला मी होतो. डेपोच्या साहेबांनी आलेखाचा कागद समोर पसरला. रेघ चोपन्नवर आडवी चालली होती. मग हळूहळू खाली येत पंचेचाळीसला पोहोचली होती आणि तिथून एकदम कोसळली होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "धडकेच्या आधी नऊ सेकंद हा वेग कमी करतोय. म्हणजे माणूस सावध होता. ब्रेकच नीट लागला नाही. वाहनाचा दोष. बरोबर ना, मास्तर?"

पैलवान मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी फक्त हो म्हणायचे होते. पैलवानाची नोकरी त्या एका शब्दावर होती आणि त्यांची दुपारही.

मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"नाही साहेब," ते म्हणाले. "नऊ सेकंदांत वेग नऊ किलोमीटरनं उतरला. सेकंदाला एक. सपाट रस्त्यावर नुसता पाय ढिला पडला की आपल्या गाड्यांचा वेग असाच उतरतो. ब्रेकचा उतार असा एकसारखा नसतो. माणूस दाबतो, सोडतो, रेघेला पायऱ्या पडतात. इथे एकही पायरी नाही. आणि पुढे बघा, दोन सेकंदांत तीस किलोमीटर उतरले. सेकंदाला पंधरा. तोच ब्रेक, तीच गाडी. ब्रेक चांगला होता."

"मग ते नऊ सेकंद?"

"पाय सुटला होता, साहेब. झोप लागली होती."

मी तेवढेच टिपणात लिहिले. पैलवानाला नोकरीवरून काढले नाही, पण गाडी चालवण्याचे काम काढून घेतले आणि बसगाड्या धुण्यावर लावले.

नंतरचे तीन दिवस मास्तर दुपारी डबा न उघडता बसून राहत. चौथ्या दिवशी पैलवान आला. हातात डबा होता, पण बसला नाही.

"मला वाटलं, डोळा नुसता लवला," तो म्हणाला. "नऊ सेकंद कुठे गेले हो, मास्तर?"

"सव्वाशे मीटर गेले, पैलवान."

"तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

"तर सोमवारी तू पुन्हा गाडीवर बसला असतास."

पैलवानाने मान हलवली. "बसलो असतो," तो म्हणाला. "तुमचं चुकलं नाही. पण तुमच्यासमोर आता घास उतरणार नाही मला."

तो पलीकडच्या टेबलाशी गेला. तिथल्या ड्रायव्हरांनी सरकून त्याला जागा दिली. कोणी टोमणा मारला नाही.

मास्तरांनी दोन घास खाल्ले आणि डब्याचे झाकण लावले. दुसऱ्या दिवसापासून ते बाराच्या आतच जेवायला जाऊ लागले. त्या वेळी एकही बस परतलेली नसे, आणि कॅन्टीनचा माणूस खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून फरशी पुसत असे. त्यांच्यापुरती एक खुर्ची तो खाली काढून देई.