किमान दोन सदस्य: भोर-वेल्ह्यातले दोन दिवस

भोर-वेल्ह्याकडे लोक राजगड-तोरणा चढायला जातात. मी गेले होते गप्प बसायला. खरंच, माझी नोकरीच तशी आहे. नवीन ॲप लोकांच्या हातात द्यायचं, त्यांची बोटं कुठे अडतात ते बघायचं आणि काही झालं तरी मदत करायची नाही. दरड कोसळायचा धोका असला की आमचं ॲप घरोघरी इशारा देणार होतं. ते पावसाच्या आत सुरू व्हायला हवं होतं आणि मेच्या उन्हात जायला कुणी तयार नव्हतं. साहेब म्हणाले, तुला काय, मागे वाट बघणारं कुणी नाही. चेष्टाच होती ती. आई गेल्याला दोन वर्षं झालीत. मीही हसले आणि बॅग भरली.

स्कूटरवरून जाणार असाल तर सहाच्या आत कात्रज ओलांडा, नंतर ट्रक जीव नकोसा करतात. कापूरहोळला उजवीकडे वळलं की रस्ता शहाण्यासारखा वागतो. भोरच्या एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री जपून घ्या हं, नाकाडोळ्यांतून पाणी काढते. मी एकटीने चौघांचं टेबल अडवलं म्हणून मालक दोनदा येऊन बघून गेला.

भाटघरला धरणाकाठी तीन घरं झाली. तिन्ही भरलेली, सुना-नातवंडांसकट. पाच-पाच मिनिटांत नोंदणी झाली आणि सगळे म्हणाले, लई भारी हाय. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला कोण नावं ठेवणार? म्हणून मी तोंडापेक्षा बोटांवर विश्वास ठेवते. पण बोटंही कुठे अडली नाहीत. प्रत्येक घरातून निघताना मात्र एकच प्रश्न आला, एकट्याच आलात व्हय? लॉजवाल्यानेही आधी तेच विचारलं आणि मग आधार कार्ड मागितलं. खोली साडेआठशेला पडली. चादरी स्वच्छ होत्या, पंखा कुरकुरत होता. मला तो आवाज बरा वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मागे येऊन नसरापूरला पेट्रोल भरलं आणि मार्गासनीवरून पालीकडे गेले. भाताच्या रोपांसाठी राब भाजून शेतांचे तुकडे काळे झाले होते आणि त्या धुराचा वास कपड्यांत बसला. वाटेत वीस रुपयांना द्रोणभर करवंदं मिळतात, जरूर घ्या. निम्मी मी खाल्ली. उरलेली कुणाला द्यावी ते सुचेना, म्हणून डिकीत ठेवली.

पालीच्या वरच्या वाडीत शेवटचं घर गजराबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही मुलं पुण्यात कामाला. आधी त्यांनी मला घरामागे नेलं. गेल्या पावसात तिथली ताल, म्हणजे दगडमातीचा बांध, सरकून पार भिंतीपर्यंत आली होती. आमचा इशारा कुणाला हवा असेल तर या घराला.

स्वतःचा मोबाईल त्यांनी झोकात हातात घेतला. नाव भरलं, गाव भरलं, सगळं बिनचूक. मग आलं 'घरातील सदस्य'. त्यांनी एक लिहिला. खाली लाल अक्षरं आली: किमान दोन सदस्य भरा. त्यांनी पुन्हा एक लिहिला. पुन्हा लाल. त्यांनी ती ओळ अक्षर जुळवत मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी गप्प.

तीन आठवडे हे ॲप मीच तपासत होते आणि ही ओळ मला एकदाही दिसली नव्हती. दिसणार कशी? मी दर वेळी आई, बाबा आणि दोन मुलं असं खोटं कुटुंब भरत आले. दोन वर्षं एकटी राहणारी बाई मी, पण स्वतःचं घर काही भरलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्या घरी कोन कोन?" गजराबाईंनी विचारलं.

नियमाने मी बोलायला नको होतं. "मी एकटीच."

"मंग तुमाला तरी कुठं घेतोय ह्यो?"

त्यांनी माझं नाव विचारलं आणि दुसरा सदस्य म्हणून टाकलं. हिरवी खूण आली. "झालं. दोगी," असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. डिकीतली करवंदं मी त्यांना दिली.

माझ्या तक्त्यात एकच खूण करायची होती, काम जमलं की नाही जमलं. हिरवं दिसत होतं, तरी मी 'नाही' लिहिलं. माझ्या फोनला रेंज आल्यावर साहेबांना फोन केला. ते वैतागले. तारीख पुढे जाईल, आणि एकेकटी राहणारी अशी माणसं असतील तरी किती?

"दोन तर मी आत्ता सांगते," मी म्हटलं. "एक पालीच्या वरच्या वाडीत आहे. दुसरी तुमच्याशी बोलतेय."



आठवड्याभरात बदल झाला. आता एक चालतो. खाली एक चौकट मी मागून घेतली: इशारा आणखी कुणाला कळवायचा? नव्या ॲपवर मी आधी माझं घर भरलं. सदस्य एक. त्याने मुकाट्याने घेतलं. खालच्या चौकटीशी मात्र माझी बोटं अडली. सगळी ओळखीची माणसं आठवून बघितली आणि मोबाईल पालथा ठेवला.

मग गजराबाईंना फोन लावला. माझं नाव काढून पुन्हा नोंदणी करा म्हणून सांगितलं, नाहीतर वेळ आली तर लोक ढिगाऱ्यात दोघींना शोधत बसतील. त्यांनी फोनवर बोलता बोलताच सगळं भरलं आणि खाली थोरल्या मुलाचं नाव टाकलं. मग म्हणाल्या, "तुमाला घेतलं का त्यानं?"

"घेतलं. पण खाली कुणाचं नाव टाकू, तेच कळेना."

पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला.

"माजं टाका की. नंबर हाय न्हवं तुमच्याकडं?"

मी टाकलं.