रिकाम्या हातांनी चालणाऱ्या अक्का

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, रस्त्याने रिकाम्या हातांनी चालायच्या. यात सांगण्यासारखं ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण त्या काळच्या सोलापुरात घरंदाज बाई रस्त्यावर दिसायची ती कमरेवर घागर घेऊन, नाहीतर हातात पूजेचं ताट घेऊन, नाहीतर कडेवर पोर घेऊन. हातात काही नाही आणि तरी बाई चाललीय म्हटल्यावर अख्ख्या गल्लीच्या माना वळायच्या. कट्ट्यावरच्या रिकामटेकड्यांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, 'गस्तवाली'. मेल्यांच्या स्वतःच्या हातात तरी काय असायचं? विडी!

अक्का काही हौसेने चालत नव्हत्या. दोन वर्षं अंगावरून रक्त जाऊन जाऊन बाई पांढरीफटक पडली होती. शेवटी भावजींनी, म्हणजे अक्कांच्या मालकांनी, मिशनच्या दवाखान्यात नेलं आणि तिथे गर्भाची पिशवी काढली. घरी धाडताना तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की तीन महिने घागर उचलायची नाही, जात्याला हात लावायचा नाही. पण अंथरूण धरूनही बसायचं नाही. रोज चालायचं, कालच्यापेक्षा थोडं जास्त. पोटात ओढ बसली, तर दुसऱ्या दिवशी कमी. आधी खोलीतून न्हाणीपर्यंत, मग अंगणात, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. लिहितावाचता न येणाऱ्या अक्कांनी हे सगळं पाठ करून आणलं होतं. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई 'बस की गं गप एका जागी' म्हणून ओरडल्या, की अक्का हसून म्हणायच्या, "मड्डमनं पिशवी काढली, आत्याबाई. पाय न्हाई काढलं."

गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की त्या पदर खोचून निघायच्या. पोटावर जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधलेला, पाऊल अगदी सावकाश. परत आल्या की मला खूण सांगायच्या, "आज पिंपळापतूर गेले. उद्या सोनाराच्या दुकानापतूर." एकदा जरा जास्त चालल्या आणि रात्री पोट धरून पडून राहिल्या. मला वाटलं, आता सोडतील. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, तशा उठल्या आणि दारातल्या तुळशीला चार फेऱ्या घालून आत आल्या. "आज एवढंच," म्हणाल्या. घाई नाही आणि माघारही नाही, असं बायकांत मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

आत्याबाईंना मात्र गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटायला लागली होती. "हवा खायला जातीया! कलेक्टराची मड्डम हाय का तू?" मग त्यांनी तोड काढली. निघताना अक्कांच्या हातात बेलाचं ताट दिलं. लोकांना वाटू दे, सिद्धरामेश्वराला चालली. अक्कांनी ताट कोनाड्यात ठेवून दिलं. "देवाला जाईन तवा देवाचं ताट घीन की. आत्ता मी चालाय चाललीया." मैंदर्गीची लेक ती, कानडी हट्टाची. मनाला लागलं की एवढंच म्हणायच्या, "इर्ली बिडु." असू दे, सोड.

तेव्हा मला सातवा महिना होता. पहिलंच पोर, आणि माहेरी आई नाही. अक्का माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "भिऊ नगं गं. तुझ्या दिवसापतूर माझ्यात बळ येतंय बघ. बाळतपण मीच करनार, पोराला पयलं मीच उचलनार." त्यांचं चालणं एवढ्यासाठी होतं. आणि मला ते माहीत होतं, हेच तर माझं दुखणं आहे.

दवाखान्यातून येऊन त्यांना दीडेक महिना झाला असेल. बाजारात भावजींच्या भुसार दुकानावर कुणीतरी बोललं, "शेट, तुमच्या घरची गस्त आज लवकर निघाली!" भावजी तिथून तडक घरी आले आणि दारातच गरजले, "उद्यापास्नं उंबऱ्याभाईर पाय टाकायचा न्हाई." आत्याबाईंनी लगेच संधी साधली. "चालाय येतंय तर दळाय का येत न्हाई? आं?"

घरात आठ माणसं, रोजच्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि जात्यावर मी एकटी. तळहाताला फोड आले होते, कंबर मोडून आली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बसूनच तर दळायचं असतंय. अक्का लावतील की हात."

बसून करायचं काम म्हणजे आराम, अशी आम्हा सगळ्यांचीच अक्कल. जात्याचा एकेक फेरा पोटातून ओढावा लागतो, हे रोज दळणाऱ्या मला कळू नये? कळत होतं हो! मला त्या दिवशी सुटायचं होतं, एवढंच. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "तू म्हन्तीस व्हय? बरं." आणि माझ्यासमोर येऊन बसल्या, खुंटा धरला.

आठ दिवसांत पोटावरच्या टाक्यांपाशी फुगवटा आला. लिंबाएवढा होता, तो नारळाएवढा झाला. खोकलं तरी बाहेर यायचा. मग चालणं कसलं, उभं राहणंही जड झालं. माझं बाळंतपण परक्या सुइणीने केलं. बाळाला अक्कांच्या मांडीवर ठेवावं लागलं. उचलून घ्यायची त्यांना मनाई. मी रडायला लागले तर मलाच म्हणाल्या, "इर्ली बिडु." दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भावजी गावभर सांगत राहिले, मड्डमने पोट बिघडवलं. परत दवाखान्यात नेलंच नाही. पुढच्या वर्षी त्या फुगवट्यात आतडं अडकलं आणि दोन दिवस तडफडून अक्का गेल्या. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. त्यांनाही बसवलं, कपाळाला भस्म लावलं, हार घातला.

अंगणात बायका जमल्या होत्या. शेजारची म्हातारी डोळे पुसत मला म्हणाली, "लई फिरायची गं. म्हनून टाकं सुटलं. पायाला थाराच नव्हता." माझा मुलगा माझ्या कडेवर होता. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, जातं कोपऱ्यात होतं, आणि खरं काय ते सांगायला त्या घरात मी एकटीच उरले होते.

"व्हय की," मी म्हणाले. "लई फिरायच्या."