प्रकाशचा उजवा हात

दुबईच्या विमानतळाबाहेर प्रकाश दिसला आणि माझं लक्ष आधी त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. कोपर किंचित वाकलेलं. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण पिशवी त्याने त्याच हाताने उचलली.

जळगावच्या बेसबॉल संघात तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा; मी कॅचर, फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणारा. पुढे तो राज्याकडून खेळला. भारताच्या शिबिरांनाही बोलावणं यायचं, पण अंतिम संघात नाव कधी लागलं नाही. मी शिक्षक झालो, तो नोकरीसाठी इकडे आला. इथे भाड्याच्या मैदानांवर हौशी संघांची एक छोटी लीग चालते. आजवर त्याने तिचा एकही हंगाम चुकवलेला नाही.

त्याची बायको आणि मुलगी जळगावला परतल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली. मी दुबईला निघताना त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ दिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सांगा, आता पुरे झालं. घरी या म्हणावं."

इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमधली एक खोली प्रकाशकडे आहे. बाकीच्या खोल्यांतली माणसं वेगवेगळ्या शिफ्टला. स्वयंपाकघरात एकमेकांना "सलाम" म्हणण्यापुरतीच ओळख. त्याने कळण्याच्या भाकरी थापल्या, मी ठेचा केला. जेवताना त्याने मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, बघ कोण आलंय!"

"हाय अंकल! बाबा, आय हॅव अ क्लास. टॉक लेटर?"

स्क्रीन काळी झाली. प्रकाशने फोन पालथा ठेवला आणि भाकरीचा उरलेला तुकडा बराच वेळ चावत राहिला. वहिनींचा निरोप त्या वेळी माझ्या तोंडून निघेना.

रविवारी सामना उम्म अल कुवैनला होता. शहर मागे पडलं तशी रस्त्याच्या कडेने नुसती वाळू, मग गोदामं, मग खाडीचं फिकट पाणी. मैदानाला गवत नव्हतं. प्रेक्षकांत मी आणि खेळाडूंच्या दोन-तीन बायका. वारा असा की टोपी हाताने धरून बसलो.

प्रकाशच्या चेंडूला आता वेग उरलेला नाही. पण तो फलंदाजाला थांबवतो, चुकवतो, लवकर बॅट फिरवायला लावतो. शेवटच्या डावापर्यंत त्याचा संघ एका धावेने पुढे होता. मग त्याचे दोन चेंडू उंच गेले, दोन फटके बसले आणि दोन बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यांवर, समोरच्यांचे दोन गडी उभे राहिले. तारिक नावाचा प्रकाशच्या संघाचा तरुण पाकिस्तानी कप्तान त्याच्याजवळ गेला.

"प्रकाशभाई, खलास (झालं, पुरे). अब हाथ को आराम दो."

"बस, ये एक."

तारिक घुटमळला. "यल्ला (चला)," म्हणाला आणि मागे फिरला.

समोर एक उंच कोरियन होता. प्रकाशने चेंडू टाकला आणि हातातून सुटताक्षणीच मला कळलं, तो फार मधोमध पडतोय. टोला डाव्या कोपऱ्यात गेला. बेसवरचे दोघेही धावत होम बेसवर पोचले, दोन धावा झाल्या. सामना गेला.

सगळे हात मिळवत होते. प्रकाश मात्र आपल्या जागेवर उभा राहून बुटाने माती सपाट करत होता.

परतताना गाडीत मी निरोप सांगितला. शारजा मागे पडल्यावर म्हणाला, "जळगावात मी काय करू? इथे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, हात कसा आहे म्हणून."

"वहिनी विचारतील की."

"ती तब्येत विचारते," तो म्हणाला. "हात नाही विचारत."

अल बर्शाला एका मराठी खाणावळीत आम्ही पिठलं-भात खाल्लं. चमचा त्याने डाव्या हातात धरला होता. उजवा मांडीवर निपचित पडला होता.

विमानात बसल्यावर वहिनींना सांगायची बरीच वाक्यं मी जुळवली. माणसाला घर लागतं, तसंच त्याला ओळखणारं मैदानही लागत असावं, असं काहीसं. जळगावला त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

"मॅच पाहिलीत?" वहिनींनी विचारलं.

"पाहिली."

"हरले?"

"हो."

"हरून थांबायचे नाहीत ते. म्हणजे यंदा पण येत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.