सापाच्या तोंडातली फट

माझी मावशी पाट्या रंगवायची. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सांगेल त्याच्या. अक्षर सुरेख, राग मात्र नाकावर. तिचा खरा जीव प्रार्थनाघराच्या भिंतीवरच्या चित्रात होता: समुद्राचा अजस्र साप, त्याच्यावर देवाचा पाय, आणि सापाचं तोंड जाड दोऱ्याने शिवलेलं. आमच्या ग्रंथातच तसं आहे. देवाने ते तोंड शिवलं, तेव्हा कुठे जमीन वर आली. खाऱ्या हवेने रंग उडाला, की मावशी डबे घेऊन हजर.

तिचा मुलगा, आमचा दादा, बोटीवर कामाला गेला तो गेलाच. बोट बुडाली. बाकीचे सापडले, तो नाही. त्यानंतर यंदा पहिल्यांदाच चित्र रंगवायचं होतं. मावशीने खवला न् खवला रंगवला आणि तोंड उघडंच ठेवलं.

"शिव की गं आता!" मी वैतागले. रंग कालवून हात भरून आले होते.

"शिवलं तर तो बाहेर कुठून येणार?"

मी कपाळाला हात लावला. दादासाठी माझाही जीव तुटतो, पण म्हणून काय भिंतीवर वाट बघत बसायचं? मी सरळ गुरुजींना बोलावून आणलं. ते धर्मशास्त्र शिकवायचे. माणूस भला, पण एकदा सुरू झाले की थांबतील तर शपथ.

"ताई, साप म्हणजे खरा साप नव्हे. जुन्या लोकांना समुद्राची धास्ती होती, तिला त्यांनी सापाचं रूप दिलं. धास्ती मोठी, देव तिच्याहून मोठा, हा त्याचा अर्थ."

"अर्थ कळतो हो मला. पण माझं पोर अर्थात नाही बुडालं, पाण्यात बुडालं."

गुरुजींनी अर्थ सांगणं तिथेच सोडलं. मग हळूच म्हणाले, "खरंय. पण ज्यांची माणसं आज बोटीवर आहेत, त्यांनी इथे येऊन हे उघडं तोंड बघायचं?"

मला वाटलं, आता भडका उडणार. मावशीने ब्रश ठेवला, घरी गेली आणि दादाचा सदरा घेऊन आली. सापाच्या तोंडावर तो धरून खडूने खुणा केल्या, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. तेवढी फट सोडून बाकीचं तोंड ती शिवणार होती.

सदऱ्याची एक बाजू मी धरली होती.

"अगं, जरा पलीकडे सरक," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांत अंगाने भरला असेल."