कॅरियरवर फक्त वळकटी होती

आधीच सांगतो, आमच्या घरात भूतखेत, देवदेवस्की काही चालत नाही. आम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ. त्यामुळे हे घरात बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

शहात्तर-सत्त्याहत्तरचा हिवाळा. मी दौंडला रेल्वेत फिटर होतो. सायकलवरून नेपाळात, लुंबिनीला जायचं मनात घेतलं. मांडवगण फराट्याचा किसन माझा लहानपणचा मित्र, पोलिओनं एक पाय गेलेला. शिरूरच्या बाजाराला तो कायम माझ्या मागे डबलसीट. मागचं बघायचं काम त्याचं— ट्रक आला की पाठीवर थाप मारायचा, मी सायकल रस्त्याखाली घ्यायचो.

"मला बी न्हे की लेका," तो म्हणाला. मी हो म्हटलं. मग धास्ती बसली— परका मुलूख, घाट, आजारपण. याला कुठे सांभाळू? ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच मी गुपचूप निघालो.

महिनाभरानं लुंबिनीला पोचलो. वाटेत मराठी बोलायला कुणी नाही, स्वतःशीच बडबडायचो. तिथे हात जोडले तर आनंदाऐवजी रडूच आलं. फार एकटं वाटलं.

एवढ्या लांब आलोच आहे, तर डोंगर बघू म्हणून जवळच्या बुटवल गावाच्या वर घाट चढलो. परतताना घाटाचा उतार, भर दुपार, कानात नुसता वारा. आणि पाठीवर सणसणीत थाप बसली! काही कळायच्या आत सवयीनं सायकल खडीत घातली आणि आपटलो. शेजारून ट्रक गेला— इंजिन बंद करून, उतारावर नुसता सोडलेला. मी होतो तिथूनच.

मागे पाहिलं... कॅरियरवर माझी वळकटी. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

परत येताना सारखं वाटायचं, किसनचं काही बरंवाईट तर झालं नसेल? थेट मांडवगण गाठलं. गडी ओट्यावर शिलाईचं हातमशीन चालवत बसलेला, ठणठणीत! सगळं सांगितलं.

"म्या कशाला येतोय? तू न्हेलंस व्हय मला?" त्यानं मान वर केली नाही.

"मग तवा काय करत व्हतास?"

"तुला शिव्या देत व्हतो." दोरा तोडून म्हणाला, "आन् येताना कोण व्हतं मागं?"

"कुणी न्हाई. एकटाच आलो."

त्यानं आत आवाज देऊन चहा सांगितला.

ती थाप कुणाची, हे आजही मला सांगता येत नाही. त्याला टाकून का गेलो, ते सांगता आलं असतं. किसन जाऊनही आता बरीच वर्षं झाली... त्यानं कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.