थेंबातल्या पाहुणीचा नाच

"भाऊ, तुमची हीरोइन मेली!" रुबीना स्टेजवरून ओरडली.

पडद्यावरची डॅफ्निया थांबली होती. डॅफ्निया म्हणजे तळ्याच्या पाण्यात उड्या मारणारा, मोहरीएवढा जीव. तिच्या उड्यांवर रुबीनाच्या ग्रुपमधल्या पाच मुली नाचत होत्या. ती थांबली, तशा त्याही थांबल्या.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. मी भिवंडीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे साने सर आणि नाटकं बसवणारी रुबीना, या दोघांनी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या शाळेत हा प्रयोग ठरवला होता. सरांच्या मायक्रोस्कोपवर माझा कॅमेरा, कॅमेऱ्याची केबल प्रोजेक्टरला. पडद्यावर जिवंत प्राणी आणि समोर नाच. प्रयोगाला दोन तास उरले होते.

"कल की प्रॅक्टिस का टेप है ना? तोच लावा," रुबीना म्हणाली.

"मग मी कशाला हवा?" सर चिडले. "लोकांना जिवंत जीव दाखवायचाय."

मी काचेखालच्या बल्बला बोट लावलं. चटका बसला.

"सर, पाणी तापतंय तुमचं. बल्ब काढा."

लोडशेडिंगमुळे शाळेच्या ऑफिसात इमर्जन्सी लाइट होताच. त्याची ट्यूब फारशी तापत नाही. सरांनी बल्ब काढून तिथे आरसा बसवला, मी लाइट त्याच्यासमोर ठेवला. उजेड कमी पडला, म्हणून कॅमेऱ्याचा गेन वाढवला. गेन वाढवला की अंधुक उजेडातही दिसतं. चित्रात दाणे येतात, पण चित्र येतं. नव्या थेंबातली डॅफ्निया उड्या मारतच राहिली.

संध्याकाळी हॉल भरला. नाच रंगात आला आणि पुढच्या रांगेतले हिराजी पाटील उठले. गावातले मोठे जमीनवाले.

"ही सीडी हाय! आमचे तलावान आसला काय न्हाय!"

लोक हसले. मुली थबकल्या. रुबीनाचा चेहरा उतरला.

सरांनी शांतपणे रिकामी बाटली पुढे केली. "काका, तुम्हीच आणा पाणी."

तलाव शाळेमागेच होता. काका बाटली भरून आले. सरांनी थेंब काचेवर टाकला. पडदा कोरा. सर काच सरकवत होते, मी फोकस फिरवत होतो. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून एका डोळ्याचा जीव झपकन आला. मागे दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या.

"सायक्लॉप्स!" सर ओरडले. "मादी आहे!"

या नाचाची प्रॅक्टिस झालीच नव्हती. रुबीनाने टाळी वाजवली. "वो जैसा चले, वैसा चलो!"

झेप, थांबा, झेप. मुली अशा नाचल्या की आधीचा नाच लोक विसरले.

हिराजीकाका पडद्याजवळ गेले. "ही पोटुशी हाय?"

"हो, काका."

"मंग सोरा तिला."

सरांनी काच त्यांच्या हातात दिली. एवढा मोठा माणूस, ओंजळीत काच धरून जपून पावलं टाकत तलावाकडे गेला. निम्मा हॉल त्यांच्या मागे.

पुढे मी बरेच लाइव्ह कार्यक्रम केले. शंका काढणारा माणूस दिसला की त्याला पुढची खुर्ची देतो. त्याच्याइतकं नीट दुसरं कोणी बघत नाही.